मॉनिटर बघून, एप्रिल धरून: हाय-एंड ग्राफिक्स कार्डाची निवड

गेमिंगचा मोठा डेस्कटॉप जुळवायला निघालेला माणूस दुकानात आधी बजेट सांगतो. मग एनव्हिडिया कंपनीचं ५०८० कार्ड घ्यावं की ताण सोसून त्याच्या वरचं ५०९० घ्यावं, यावर तासभर जातो. त्याआधी एक प्रश्न सुटायला हवा: टेबलावर मॉनिटर कुठला असणार? कार्डाचं सगळं काम त्या पडद्यासाठी चालतं, म्हणून हिशेबही तिथूनच मांडावा.

फुल एचडी पडद्यावर २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पी पडद्यावर ३६.९ लाख आणि फोर-केवर ८२.९ लाख. प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावर येणाऱ्या एकेका चित्राला, यातल्या प्रत्येक पिक्सेलचा रंग नव्याने काढावा लागतो. १४४०पी आणि १४४ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १४४ फ्रेम, असेल तर सेकंदाला ५३ कोटी पिक्सेल लागतात. तोच वेग फोर-केवर हवा असेल तर ११९ कोटी. वेळेचं बंधनही कडक आहे. १४४ हर्ट्झला एका फ्रेमसाठी ६.९ मिलिसेकंद मिळतात, २४० हर्ट्झला फक्त ४.२. त्यामुळे १४४०पी मॉनिटर ठेवून ५०९० घेणाऱ्याचं कार्ड बराच वेळ प्रोसेसरची वाट बघत बसतं. शत्रूंच्या हालचाली, भौतिकी, कुठे काय काढायचं याच्या सूचना हे सगळं प्रोसेसरकडे असतं आणि पिक्सेल कमी झाले म्हणून ते काम कमी होत नाही. याची परीक्षा सोपी आहे. गेम चालू असताना आकडे पडद्यावर आणा. कार्डाचा वापर सतत ९० टक्क्यांच्या खाली असेल आणि फ्रेमवर मर्यादा घातलेली नसेल, तर अडचण प्रोसेसरची आहे. तिथे महाग कार्डाचा पैसा वाया जातो.

आता मेमरी, कारण सगळ्यात महागातली चूक इथेच होते. पडद्यावरचं चित्र स्वतः फारशी जागा घेत नाही. फोर-केची एक साधी फ्रेम ३२ एमबीच्या आसपास मावते. जागा खातात ती टेक्श्चर, म्हणजे भिंत, माती, कातडी, कापड यांच्यावर चढवलेली चित्रं. ४०९६ × ४०९६ चं एक टेक्श्चर जसंच्या तसं ठेवलं तर ६४ एमबी घेतं. गेममध्ये ते सहसा बीसी७ सारख्या पद्धतीने दाबलेलं असतं. तेव्हा ते १६ एमबीवर येतं आणि लांबून बघण्यासाठीच्या लहान आवृत्त्या धरून सुमारे २१ एमबी होतं. अशी शेकडो टेक्श्चर एका दृश्यात येतात. रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून सावल्या आणि प्रतिबिंबं काढणं, चालू केलं की दृश्याच्या भूमितीचा वेगळा आराखडाही मेमरीत राहतो.

लासलगावच्या कांदा बाजाराचं आवार डोळ्यांसमोर आणा. आवार जेवढं मोठं, तेवढे ट्रॅक्टर आत उभे राहतात. फाटक जेवढं रुंद, तेवढी ये-जा भराभर होते. कार्डाची १६ जीबी मेमरी हे आवार आणि २५६ बिटची बस, म्हणजे मेमरी आणि चिप यांच्यातली वाट, हे फाटक. बसचे बिट गुणिले मेमरीचा वेग भागिले ८ केलं की सेकंदाला किती जीबी माल हलतो ते कळतं. ५०८० ची जीडीडीआर७ मेमरी ३० गीगाबिटने चालते, म्हणजे २५६ × ३० ÷ ८ = ९६० जीबी. एनव्हिडियाच्याच ५०७० टीआयचे ८९६ होतात, एएमडी कंपनीच्या आरएक्स ९०७० एक्सटीचे ६४० आणि ५०९० चे, ५१२ बिटच्या फाटकामुळे, १७९२. आवार भरलं की उरलेले ट्रॅक्टर बाहेर रस्त्यावर उभे राहतात. तसा कार्डात न मावलेला माल मदरबोर्डावरच्या रॅममध्ये जातो आणि तिथून पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या, रस्त्याने परत आणावा लागतो. ५.० आवृत्तीच्या १६ लेन धरल्या तरी त्या रस्त्यावरून एका दिशेने सेकंदाला ६४ जीबीच येतात. ९६० च्या पुढे ६४. मेमरी कमी पडलेल्या कार्डावर सरासरी फ्रेम ठीक दिसतात, पण वळणावर खेळ अडखळतो आणि भिंती काही क्षण धूसर राहतात, ते यामुळे.

म्हणून फोर-केसाठी १२ जीबीचं नवं कार्ड आज घेऊ नये, हे आमचं स्पष्ट मत आहे. १४४०पीवर वरच्या सेटिंग्जला खेळणाऱ्यासाठी ५०७० टीआय किंवा ९०७० एक्सटी ही योग्य जोडी आहे, दोन्ही १६ जीबींची. साध्या रेखाटनात, म्हणजे रे ट्रेसिंगशिवाय, दोन्ही जवळजवळ सारखी आहेत. सगळा प्रकाश किरणांनीच मोजणाऱ्या संपूर्ण पाथ ट्रेसिंगमध्ये एनव्हिडियाचं कार्ड पुढे राहतं. फोर-के आणि १२० हर्ट्झच्या आसपास खेळायचं तर ५०८०. ५०९० ची ३२ जीबी मेमरी आणि २१,७६० कोअर खऱ्या अर्थाने वापरात येतात ते फोर-के २४० हर्ट्झच्या पडद्यावर, किंवा त्याच मशीनवर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचं रेंडरिंग किंवा घरच्या घरी एआय मॉडेल चालवायचं असेल तर. दोन कार्डं जोडून वेग दुप्पट करण्याचा जमाना गेला. गेमच्या कामाला तो मार्ग आता उरलेला नाही.

जाहिरातीतल्या फ्रेमच्या आकड्यांबद्दल दोन शब्द. लहान चित्र काढून ते मोठं करणारं एनव्हिडियाचं डीएलएसएस किंवा एएमडीचं एफएसआर 'परफॉर्मन्स' वर ठेवलं की फोर-के पडद्यासाठी कार्ड प्रत्यक्षात १९२० × १०८० चंच चित्र काढतं आणि बाकीचं अंदाजाने भरतं. 'क्वालिटी' वर ते २५६० × १४४० असतं. हे तंत्र आता इतकं चांगलं झालं आहे की ते बिनधास्त वापरावं. फ्रेम जनरेशनचं तसं नाही. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये बनावट फ्रेम घालायची तर पुढची खरी फ्रेम तयार होईपर्यंत आधीची रोखून धरावी लागते, त्यामुळे माउस हलवल्यापासून चित्र हलेपर्यंतचा वेळ वाढतो. मुळात ६० फ्रेम मिळत असतील तर हे खपून जातं. ३० च्या १२० करून घेतल्या तर चित्र मऊ दिसतं, पण हात जड वाटतो. तुलना करताना फ्रेम जनरेशन बंद असलेले आकडेच धरा.

कार्ड ठरलं की विजेकडे वळायचं. ९०७० एक्सटी ३०४ वॅट घेतं, ५०७० टीआय ३००, ५०८० ३६० आणि ५०९० तब्बल ५७५ वॅट. कंपन्या एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारे डबे, सुचवतात ते याच क्रमाने ७५०, ७५०, ८५० आणि १००० वॅटचे. हे आकडे फुगवलेले वाटतात, पण त्यामागे कारण आहे. कार्डाची मागणी स्थिर नसते. अगदी क्षणभर ती नेहमीच्या दीड-दोन पट उसळते. एटीएक्स ३.० आणि ३.१ प्रमाणाचे एसएमपीएस १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सोसतील असे बनवलेले असतात. जुना, कागदावर पुरेसा दिसणारा एसएमपीएस अशा वेळी संरक्षण म्हणून बंद पडतो. खेळ रंगात आला असताना मशीन काही इशारा न देता बंद झालं, तर पहिला संशय इथे घ्यावा.

एनव्हिडियाच्या या कार्डांना १६ पिनांचा कनेक्टर असतो. त्याचं गणित समजून घेण्यासारखं आहे. १२ व्होल्टवर ५७५ वॅट म्हणजे ४८ अँपिअर, आणि ते १६ पैकी वीज आणणाऱ्या सहा पिनांत वाटले जातात: प्रत्येकी ८. पिनेची क्षमता नऊ-साडेनऊच्या आसपास, म्हणजे मोकळीक थोडीच. प्लग पूर्ण बसला नाही आणि दोन पिनांचा संपर्क सुटला, तर उरलेल्या चारांवर प्रत्येकी १२ अँपिअर येतात. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणून दीडपट प्रवाहाला सव्वादोन पट उष्णता. प्लॅस्टिक वितळतं ते असं. बहुतेक कार्डांना कुठल्या पिनेतून किती प्रवाह येतोय हे कळतही नाही, त्यामुळे कार्ड स्वतःहून थांबत नाही. तुलनेसाठी, जुन्या आठ पिनांच्या कनेक्टरवर १५० वॅट तीन पिनांत वाटले जातात, प्रत्येकी जेमतेम ४ अँपिअर. ९०७० एक्सटीची बहुतेक मॉडेलं हाच जुना कनेक्टर वापरतात, आणि हा त्यांचा मोठा गुण आहे.

१६ पिनांची केबल बसवताना 'टक' असा आवाज येईपर्यंत दाबा आणि नंतर हलकेच ओढून बघा. प्लग आणि सॉकेट यांच्यात फट दिसता कामा नये. पहिल्या ३५ मिलिमीटरमध्ये केबल वाकवू नका. एसएमपीएसला थेट १६ पिनांची केबल येत असेल तर अडॅप्टर टाळा. अडॅप्टर वापरावाच लागला तर प्रत्येक तोंडाला एसएमपीएसपासून वेगळी केबल आणा, एकाच केबलची दोन तोंडं नकोत. आणि एका एसएमपीएसची केबल दुसऱ्याला कधीही लावू नका. प्लग चपखल बसतो, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि एका क्षणात मदरबोर्डासकट सगळं जळतं.

आता नाशिकचा उन्हाळा. परदेशातली परीक्षणं २०-२५ अंशांच्या खोलीत होतात. इकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या आसपास जातो आणि सिडको-इंदिरानगरच्या वरच्या मजल्यावर स्लॅब रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहतो. पंख्याचा वेग तोच असेल तर कार्ड आणि खोलीच्या तापमानातला फरक साधारण तेवढाच राहतो. २५ अंशांच्या खोलीत ६८ दाखवणारं कार्ड ३८ अंशांच्या खोलीत ८१ दाखवेल. शिवाय शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. पंखा तेवढ्याच घनफळाची हवा फेकतो, पण ती पाच-सहा टक्के विरळ असते. त्याने आणखी दोन-एक अंश वाढतात. मग कार्ड वेग कमी करून स्वतःला वाचवतं आणि मोजलेले पैसे पडद्यावर दिसत नाहीत. म्हणून एकाच चिपची दोन मॉडेलं समोर असतील, तर जास्त वेगाची आणि जास्त दिव्यांची सोडून जाड हीटसिंकची घ्या.

कार्डात गेलेला प्रत्येक वॅट शेवटी उष्णता होऊन खोलीतच येतो. ५०९० चं अख्खं मशीन ८०० वॅट ओढत असेल तर तो हिवाळ्यातला छोटा हीटर आहे. निफाडचा पारा दहाच्या खाली जातो तेव्हा बरं वाटेल, मेमध्ये नाही. एक टनाचा एसी सुमारे ३५०० वॅट उष्णता बाहेर काढतो. त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा एकटं हे मशीन खाईल. रोज चार तास खेळलं तर महिन्याला ९६ युनिट. युनिटला १० रुपये धरले तरी ९६० रुपये, एसीचे वेगळे.

यावर चांगला उपाय फुकट मिळतो. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तोच वेग १.०५ ऐवजी ०.९५ व्होल्टवर मिळाला तर चिपची विजेची भूक सुमारे १८ टक्के घटते. कारखान्यातून कार्ड येतं ते सर्वात कमकुवत चिपही चालावी एवढं व्होल्टेज ठेवून, म्हणून आपल्या चिपला सहसा तेवढं लागत नाही. कार्डाची सेटिंग्ज बदलणाऱ्या आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये कंट्रोल आणि एफ दाबून व्होल्टेजचा आलेख उघडा. ०.९५ व्होल्टवरचा बिंदू कार्डाच्या नेहमीच्या वेगापर्यंत वर घ्या, त्याच्या उजवीकडची रेघ सपाट करा आणि अर्धा तास जड गेम चालवा. गेम कोसळला तर वेग ३० मेगाहर्ट्झने उतरवा. एवढ्या खटपटीत पडायचं नसेल तर पॉवर लिमिट ८० टक्के करा. ५०९० तेव्हा ४६० वॅटवर येतं आणि फ्रेम थोड्याच टक्क्यांनी कमी होतात. मार्च ते जून हे सेटिंग कायम ठेवावं.

कॅबिनेट मोजून घ्या. आत ४०० मिलिमीटर जागा लिहिलेली असते, पण पुढे प्रोसेसर पाण्याने थंड करणारा रेडिएटर लावला तर त्याचे २७ आणि पंख्याचे २५ वजा होऊन ३४८ उरतात. मोठी कार्डं ३५० च्या पुढे जातात. रुंदीतही कार्डाच्या वर केबलच्या वळणासाठी ३५ मिलिमीटर सोडावे लागतात, नाहीतर काचेचं झाकण प्लगवर दाब देतं. साडेतीन स्लॉटचं कार्ड ७० मिलिमीटर जाड आणि दोन किलोंच्या वर असतं. त्याला खालून टेकू द्या. पुढे जाळी असलेलंच कॅबिनेट घ्या आणि धूळगाळणी महिन्याला धुवा. अंबड-सातपूरच्या कारखान्यांकडे किंवा महामार्गालगत राहत असाल तर पंधरा दिवसांनी.

वीज कशी येते तेही बघा. पंचवटीतल्या जुन्या घरांत अर्थिंग तपासल्याशिवाय एवढं मशीन लावू नये. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजून घ्या. ते दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर आधी ते दुरुस्त करा. वळवाच्या दिवसांत यूपीएस लागतोच, पण तो व्हीए बघून नका घेऊ. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॅटच देतो. ५०८० चं मशीन भिंतीतून ६०० वॅट ओढू शकतं, त्याला ९०० वॅटचा, शुद्ध साइन वेव्हचा यूपीएस हवा. घरच्या इन्व्हर्टरवर खेळू नका.

खरेदी नाशिकच्या एमजी रोडवर करा किंवा पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. बाहेरून आणलेलं कार्ड स्वस्त मिळतं, पण त्याला इथे सहसा वॉरंटी मिळत नाही. घरी आल्यावर मॉनिटरची केबल मदरबोर्डाला नव्हे, कार्डाला लावा. विंडोजमध्ये रिफ्रेश रेट पुष्कळदा ६० वरच राहिलेला असतो, तो बदला. मग कार्डाची माहिती दाखवणारा जीपीयू-झेड हा प्रोग्राम उघडून १६ लेन मिळाल्या आहेत का आणि आरओपींची, म्हणजे तयार पिक्सेल मेमरीत लिहिणाऱ्या भागांची, संख्या बरोबर आहे का ते बघा: ५०९० ला १७६, ५०८० ला ११२, ५०७० टीआयला ९६. २०२५ च्या सुरुवातीच्या काही कार्डांत आठ आरओपी कमी निघाले होते आणि एनव्हिडियाने ते मान्य करून कार्डं बदलून देण्याची सोय केली होती. आकडा कमी दिसला तर पडद्याचा फोटो काढा, कार्ड खोक्यात भरा आणि दुसऱ्याच दिवशी बिलासकट दुकान गाठा.