विद्यापीठ परिसरातील शारीरिक सक्रियता व विद्यार्थी-आरोग्य (सोलापूर)

महाविद्यालय व विद्यापीठाच्या आवारातच सर्व विद्यार्थ्यांना नियमित हालचाल करता यावी आणि त्यांच्या प्रकृतीकडे वेळीच लक्ष जावे, यासाठी केलेली व्यवस्था. आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी निवडलेल्या संघांचा सराव हा वेगळा विषय आहे. बहुतेक ठिकाणी क्रीडा विभागाचे मनुष्यबळ त्यातच खर्ची पडते आणि उरलेले विद्यार्थी प्रेक्षक म्हणूनच राहतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार १८ वर्षांवरील व्यक्तीला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम हवा. अकरावी-बारावीच्या वयात हेच प्रमाण सरासरी रोज ६० मिनिटे आहे. हालचाल सलग दहा मिनिटे तरी असावी, ही जुनी अट या सूचनांत उरलेली नाही. सोलापूरसाठी हा बदल फार कामाचा आहे.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये एका जिल्ह्यापुरते स्थापन झाले. त्याचा परिसर शहराबाहेर, पुणे रस्त्यावर केगाव येथे आहे. मोहोळ, बार्शी, अक्कलकोट, मंगळवेढा या बाजूंनी येणारी मुले एसटीच्या वेळेला बांधलेली असतात. पहाटे साडेपाचला मैदान खुले ठेवले तरी त्यांना त्याचा उपयोग नाही, आणि संध्याकाळी थांबावे तर गाडी चुकते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारचे मैदानही बाद होते. म्हणून व्यायामाला वेळापत्रकातच जागा द्यावी लागते. दोन तासिकांमध्ये दहा मिनिटे भरभर चालणे, असे दिवसातून तीनदा आणि आठवड्यातून पाच दिवस केले की १५० मिनिटे भरतात. मिनिटाला साधारण शंभर पावले पडली, बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतका वेग पुरे. झाडांच्या सावलीतला रस्ता निवडून दर १०० मीटरला चुन्याची खूण केली की घड्याळाशिवायही अंदाज येतो. उन्हाळ्यात हेच चालणे व्हरांड्यात आणि जिन्यावर हलवावे.

मैदानाची अडचण मातीची. काळी माती पावसात चिकटते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि त्यात पाय अडकून घोटा मुरगळतो. कबड्डीचे पुरुषांचे मैदान १३ × १० मीटर असते; तेवढीच जागा खडे वेचून, मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून तयार करणे सर्व मैदान सुधारण्यापेक्षा स्वस्त पडते. मुलींसाठी कपडे बदलण्याची खोली, कडी लागणारे स्वच्छतागृह आणि पाणी आधी हवे. नवे साहित्य नंतर घेतले तरी चालते.

महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीला खेळ, योग, राष्ट्रीय सेवा योजना अशा सहअभ्यासक्रमांचे श्रेयांक मिळतात. मात्र नुसती हजेरीची सही घेतली तर ही सोय कागदावरच राहते.

बिघडते ते बहुधा पहिल्या पंधरवड्यात. एकदम तीन-चार किलोमीटर पळाल्याने नडगी दुखू लागते. आधी चालणे, मग मध्येमध्ये एक मिनिट पळणे, असे वाढवत न्यावे. उन्हाची सवय व्हायलाही दहा ते चौदा दिवस लागतात. पहाटेची गाडी धरून फक्त चहा-खारीवर आलेल्या मुलांना भोवळ येते. अर्धा-पाऊण तास आधी केळे किंवा गूळ-शेंगदाणे खाल्लेले बरे. उन्हात कोणी बरळू लागले किंवा बेशुद्ध पडले, तर तो उष्माघात समजावा. रुग्णवाहिका बोलवावी आणि तिची वाट पाहत न बसता त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा; शुद्ध नसताना तोंडात पाणी घालू नये.

प्रवेशाच्या वेळी उंची, वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासावे. मुलींमध्ये हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय होय. ‘ही आळशी आहे’ असा शिक्का बसलेली मुलगी जिना चढताना धापते, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर लोह नीट शोषले जात नाही. दोन्हींत किमान तासाभराचे अंतर ठेवावे.