किलिमांजारो: वाट निवडताना मुक्कामांची उंची पाहा

टांझानियातला किलिमांजारो 5895 मीटर उंच आहे. नेहमीच्या वाटांनी गेलं तर दोर लावावा लागत नाही, चालत शिखर गाठता येतं. त्यामुळे सह्याद्रीत भटकणाऱ्यांना तो आवाक्यातला वाटतो, आणि पहिला प्रश्न येतो तो सोप्या वाटेचा. मी आधी विचारेन, रात्री किती उंचीवर झोपायचं आहे?

मारंगू ही सोपी समजली जाणारी वाट. चढ बेताचा, मुक्कामाला लाकडी झोपड्या. तिचं प्रवेशद्वारच सुमारे 1850 मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून उंच. पाच दिवसांच्या बेतात पहिली रात्र साधारण 2700 मीटरवर, दुसरी 3700 वर, तिसरी 4700 वर, आणि त्याच मध्यरात्री शिखराकडे कूच. डॉक्टरांचा सल्ला असा की 3000 मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं. इथे वेग दुप्पट होतो.

शिखरावरही हवेत ऑक्सिजन 21 टक्केच असतो, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर आलेला असतो. शरीर लगेच जोरात श्वास घेऊ लागतं. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. झोपेत तर श्वास मध्येच थांबतो, पुन्हा सुरू होतो आणि रक्तातला ऑक्सिजन आणखी घसरतो. मूत्रपिंडं रक्तातलं जादा बायकार्बोनेट, म्हणजे अल्कधर्मी घटक, लघवीवाटे टाकून देतात, तेव्हा हा लगाम सैल होतो. पण या कामाला काही दिवस लागतात, आणि दमदार पायांनी ते लवकर उरकत नाही. उलट तगडी तरुण मंडळी भराभर चढतात आणि डोकेदुखी, उलट्यांनी आडवी होतात.

पश्चिमेकडून येणाऱ्या लेमोशो वाटेला म्हणूनच माझी पसंती. शिरा पठारावर 3850 मीटरच्या आसपास झोपून दुसऱ्या दिवशी लाव्हा टॉवरपर्यंत, सुमारे 4600 मीटर, चढायचं आणि मुक्कामाला बरांकोला, 3950 मीटरपर्यंत, उतरायचं. दिवसभर शरीराला विरळ हवेचा ताण मिळतो, रात्री विसावा. दक्षिणेकडची माचामे वाटही पुढे याच मार्गाला मिळते. मात्र ती सहाऐवजी सात दिवसांची घ्यावी, म्हणजे करांगाला एक जादा मुक्काम मिळतो. हिंदी महासागराकडून येणारे बाष्पाचे वारे दक्षिण उतारावर जास्त पाऊस पाडतात, म्हणून पावसाळी दिवसांत जाणाऱ्यांना उत्तरेची रोंगाई वाट तुलनेने कोरडी मिळते. मारंगूनेच जायचं असेल, तर होरोंबोला, म्हणजे 3700 मीटरवरच्या मुक्कामाला, एक दिवस थांबणारा सहा दिवसांचा बेत मागा.

आयोजकाकडून प्रत्येक मुक्कामाची उंची लिहून घ्या. ॲसिटाझोलामाइडची गोळी मूत्रपिंडांचं हेच काम लवकर घडवून आणते, ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर गोळीवर विसंबू नका. रात्र असली तरी खाली उतरायला लागा.