पंखा, आरसा आणि फॉल्स अलार्म

जुन्या युद्धपटांचा 'दडलेला अर्थ' उलगडून सांगणाऱ्या व्हिडिओंचं सध्या पीक आलंय, आणि त्यात फ्रान्सिस फोर्ड कोपोलाचा 'अपोकॅलिप्स नाऊ' (१९७९) हमखास असतोच. गोष्ट तशी एका ओळीची आहे. व्हिएतनाम युद्ध चालू आहे, कर्नल कर्ट्झ नावाचा अमेरिकन अधिकारी जंगलात स्वतःचं राज्य थाटून बसलाय, आणि कॅप्टन विलार्डला नदीतून बोटीनं जाऊन त्याला संपवायचंय. पण व्हिडिओवाले म्हणतात नदी म्हणजे अबोध मन, विलार्ड हॉटेलच्या खोलीत आरसा फोडतो तो म्हणजे तुटलेला अहं, आणि सतत अंधारात दिसणारा कर्ट्झ म्हणजे मानसशास्त्रज्ञ युंगनं सांगितलेली मनाची काळी बाजू, 'छाया'.

ऐकायला भारीच वाटतं. पण आरशाचं काय झालं होतं बघा. विलार्डचं काम करणाऱ्या मार्टिन शीनचा त्या दिवशी छत्तिसावा वाढदिवस होता, तो खरोखरच प्यायलेला होता, त्यानं आरशावर हात मारला आणि हात कापला. स्क्रिप्टमध्ये असं काही नव्हतं, कॅमेरा चालू राहिला म्हणून ते सिनेमात आलं, पडद्यावरचं रक्तही खरंच आहे. आणि कर्ट्झचा अंधार? कर्ट्झ झालेला मार्लन ब्रँडो सेटवर आला तो भलताच जाड होऊन, आणि भूमिका तर काटक कमांडो टाइप अधिकाऱ्याची. मग काळे कपडे, क्लोजअप, आणि छायालेखक व्हित्तोरिओ स्तोरारोचा अंधार. पोट झाकायला केलेला जुगाड म्हणा हवं तर, अर्थात स्तोरारोनं त्याचं सोनं केलं.

मग सगळी प्रतीकं बोगस का? तर तसंही नाही. सुरुवातीला हेलिकॉप्टरचा आवाज आणि छताचा पंखा एकमेकांत मिसळतात ते सिनेमाचा आवाज सांभाळणाऱ्या वॉल्टर मर्चनं ठरवून केलेलं काम आहे. कर्ट्झच्या खोलीत कॅमेरा पुस्तकांवरून फिरतो, त्यात फ्रेझरचं जुन्या दंतकथा आणि विधींवरचं 'द गोल्डन बाव' स्पष्ट दिसतं, तेही कोणी चुकून ठेवलेलं नाही. म्हणजे एकाच सिनेमात ठरवून पेरलेले अर्थ आहेत आणि अपघातानं उगवलेलेही आहेत, आणि बघणाऱ्याला दोन्ही सारखेच 'खोल' वाटतात. आता हे वेगळं कसं काढायचं?

यासाठी एक अख्खं शास्त्र आहे आणि त्याचं मूळही युद्धातच आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारवाल्यांपुढे एकच प्रश्न असायचा, स्क्रीनवर जो ठिपका चमकला ते विमान आहे की नुसता गोंधळ? त्यातून १९५० च्या दशकात 'सिग्नल डिटेक्शन थिअरी' उभी राहिली, आणि टॅनर आणि स्वेट्स या मिशिगन विद्यापीठातल्या जोडीनं १९५४ मध्ये ती माणसाच्या नजरेला लावली. त्यांचं म्हणणं असं की 'मला दिसलं' यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे नजर किती तीक्ष्ण आहे, सिग्नल आणि गोंधळ यात तुम्हाला मुळात फरक किती कळतो, याला म्हणतात डी-प्राइम. दुसरी म्हणजे तुमचा उंबरठा, कितपत खात्री झाल्यावर तुम्ही 'आहे!' म्हणून ओरडता. उंबरठा खाली आणला की खरी विमानं जास्त सापडतात पण फॉल्स अलार्मही, म्हणजे नसलेली विमानं 'दिसणं', वाढतात, वर नेला की फॉल्स अलार्म कमी होतात पण खरी विमानंही हुकतात. नुसता उंबरठा हलवून दोन्ही फायदे मिळत नाहीत, त्यासाठी नजरच सुधारावी लागते. मला हे फार आवडतं, कारण 'तो हुशार आहे' आणि 'तो पटकन हो म्हणतो' या दोन गोष्टी इथे चक्क आकड्यांनी वेगळ्या काढता येतात.

आता थोडं गणित करू, कंटाळा आला तर एक परिच्छेद उडी मारा. समजा एका सिनेमात लक्षात येण्याजोग्या १००० गोष्टी आहेत, वस्तू, रंग, आवाज, हालचाली, आणि त्यातल्या २० मुद्दाम अर्थानं ठेवलेल्या आहेत. एक उत्साही प्रेक्षक त्या वीसपैकी ८० टक्के पकडतो, म्हणजे १६. उरलेल्या ९८० मध्येही १० टक्के वेळा त्याला अर्थ 'दिसतो', म्हणजे ९८. एकूण ११४ अर्थ सापडले आणि त्यातले खरे १६, जेमतेम १४ टक्के! बरं, माणूस बावळट नाहीये हां, त्याचा डी-प्राइम २.१ च्या आसपास येतो, जो चांगलाच आहे. आता नजर तीच ठेवून त्यानं उंबरठा इतका वर नेला की फॉल्स अलार्म १ टक्क्यावर आले, तर खोटे अर्थ १० च राहतात पण खरे ८ च सापडतात, १२ हातचे जातात. आणि डी-प्राइम ३ असलेला जाणकार, तोच १ टक्का फॉल्स अलार्म ठेवून, १५ खरे पकडतो. सगळी गोम त्या ९८० मध्ये आहे. मुद्दाम पेरलेलं थोडं आणि आपसूक आलेलं प्रचंड असलं की चांगल्या नजरेचा माणूसही मुख्यतः कचराच गोळा करतो. आणि मूळ सिनेमा १४७ मिनिटांचा, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे दोन लाख अकरा हजारांवर फ्रेम, थांबवून थांबवून बघणाऱ्याला काय तोटा?

भविष्य सांगणारेही याच गणितावर जगतात. पन्नास वाक्यं सोडायची, चार लागतात, लोक ती चारच घेऊन घरी जातात. न लागलेल्या शेहेचाळीसची वही कोणी ठेवत नाही. आणि 'मेंदूविज्ञानानं सिद्ध झालंय की हे प्रतीक थेट अबोध मनाला भिडतं' असं कोणी सांगायला लागलं तर खुशाल विचारावं, कुठल्या प्रयोगानं?

उंबरठा कुठे ठेवायचा हे चूक किती महाग पडते त्यावर ठरतं. प्रतीक शोधणाऱ्याला फॉल्स अलार्मची किंमत शून्य, उलट व्ह्यूज मिळतात, मग उंबरठा खालीच राहणार. युद्धात वेगळंच असतं. याच सिनेमात विलार्डची बोट एका साध्या होडीची झडती घेते, होडीतली बाई एकदम एका डब्याकडे धावते, बोटीवरचा पोरगा मशीनगन चालवतो आणि बाकीचेही सुरू होतात. होडीतली माणसं पडतात, आणि डब्यात निघतं कुत्र्याचं पिल्लू. बाई अजून जिवंत असते, तिला दवाखान्यात न्यायला थांबायला नको म्हणून विलार्ड स्वतः तिला गोळी घालतो. घाबरलेल्या माणसाचा उंबरठा जमिनीला टेकलेला असतो, ग्रेनेड हुकला तर आपण मेलो, मग प्रत्येक हालचाल ग्रेनेडच. या सिनेमातलं मानसशास्त्र मला तरी इथे सगळ्यात जास्त दिसतं, आणि ते अजिबात दडलेलं नाही.

तर मग नजर सुधारायची कशी? एकमेकांवर अवलंबून नसलेले पुरावे जमवायचे. फ्रेझरच्या पुस्तकात जुन्या पुजारी-राजाला मारून त्याची जागा घेणाऱ्या वारसाची कथा आहे. आता शेवट बघा, विलार्ड कर्ट्झला मारतो आणि त्याच वेळी बाहेर रेड्याचा बळी जातो, दोन्ही दृश्यं एकात एक कापलेली आहेत, आणि नंतर कर्ट्झची माणसं विलार्डपुढे वाकतात. पुस्तक, एडिटिंग, गर्दीचं वागणं, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. रेड्याचा बळी खरा होता, सेटवर काम करणाऱ्या फिलिपिन्समधल्या इफुगाव लोकांचा विधी कोपोलानं चित्रित केला, म्हणजे मूळ घटना आयती मिळाली पण ती कुठे जोडायची हे ठरवून केलं. आरशाच्या बाबतीत मात्र एकुलता एक आरसाच आहे.

अर्थात चांगल्या पुराव्यावरूनही फॉल्स अलार्म होऊ शकतो, त्याचा झकास नमुना याच सिनेमात आहे. ३५ एमएमच्या प्रिंटमध्ये शेवटच्या नामावलीमागे कर्ट्झचा अख्खा तळ स्फोटांत उडताना दिसायचा. सेट पाडायचाच होता, पाडताना कॅमेरे लावले, आणि ते फुटेज नावांमागे टाकलं. प्रेक्षकांनी लगेच जोडून टाकलं की विलार्डनं विमानं बोलावून सगळ्यांना मारलं. त्यांना हसण्यात अर्थ नाही, कारण कर्ट्झनं स्वतःच्या कागदांवर 'बॉम्ब टाका, सगळ्यांना संपवा' असं खरडलेलं त्यांनी नुकतंच पाहिलेलं असतं. पण कोपोलाला नेमकं उलटं म्हणायचं होतं, विलार्ड शस्त्र टाकतो, लोकही टाकतात, आणि मारामारी तिथे थांबते. शेवटी त्यानं ते स्फोट काढून टाकले आणि नावं साध्या काळ्या पडद्यावर ठेवली.