जुन्या जपानी पत्त्यातलं 'गुन' खोडू नका प्लीज

कोसेकी म्हणजे जपानी कुटुंबनोंद, तिची प्रत मागवायला किंवा भाषांतर करून घ्यायला जे येतात त्यातले बरेच जण एकच गोष्ट विचारतात, की सासूबाईंच्या कागदावरचा पत्ता मॅपवर सापडतच नाही, मग फॉर्मवर काय लिहायचं? आणि अर्धे जण न विचारताच स्वतः 'बरोबर' करून आणतात, तिथेच घोळ होतो.

जपानच्या निइगाता प्रांताचं उदाहरण घेऊ, ते आमच्याकडे सारखं येतं. कागदावर असतं 'किताउओनुमा-गुन, कावागुची-माची' (माची म्हणजे छोटं गाव). आज किताउओनुमा-गुन नावाचं काही उरलेलं नाही. गुन म्हणजे गावांचा एक गट, पण तो आपला तालुकाच असं सगळे समजतात आणि गुनच्या ऑफिसला पत्र पाठवा म्हणतात, पण गुनची ऑफिसं १९२६ सालीच बंद झाली, त्यानंतर गुन हे फक्त पत्त्यात लिहायचं नाव राहिलं आणि तेही गावांपुरतंच, कारण गाव शहर झालं किंवा शहरात गेलं की ते गुनमधून बाहेर पडतं. १८७९ साली जुन्या उओनुमाचे उत्तर, दक्षिण आणि मध्य असे भाग पडले, त्यातला उत्तरेचा हा किताउओनुमा. ओजिया १९५४ मध्ये शहर होऊन बाहेर पडलं. मग १ नोव्हेंबर २००४ ला होरिनोउची, कोइदे, युनोतानी, हिरोकामी, सुमोन आणि इरिहिरोसे मिळून उओनुमा शहर झालं, आणि हे सगळं चुएत्सुच्या (निइगाताच्या मधल्या भागातल्या) मोठ्या भूकंपानंतर नऊच दिवसांत. त्या भूकंपात सगळ्यात जास्त, म्हणजे जपानी मोजपट्टीवर ७ तीव्रता ज्या कावागुचीत नोंदली गेली ते एकटंच गुनमध्ये राहिलं, आणि ३१ मार्च २०१० ला तेही नागाओका शहरात गेलं. गुन संपला.

आता चूक कुठे होते बघा. नाव सारखं दिसतं म्हणून लोक किताउओनुमाचं सरळ उओनुमा शहर करतात. कोइदेच्या कागदाला ते चालेल, पण कावागुचीची नोंद नागाओकाकडे आहे आणि ओजियाची ओजियाकडे. काहीजण तर नुसतं कावागुची सर्च करतात आणि टोकियोला लागून असलेलं साइतामा प्रांतातलं मोठं कावागुची शहर समोर येतं तेच लिहून टाकतात (निइगातातल्या स्टेशनचं नाव बघा, एचिगो-कावागुची आहे). अर्ज चुकीच्या नगरपालिकेत गेला की तिकडून 'आमच्याकडे नोंद नाही' असं उत्तर येतं आणि पोस्टाच्या जाण्यायेण्यात तीन-चार आठवडे सहज जातात, तोवर इकडे व्हिसाची किंवा वारसाची तारीख जवळ येते आणि फोन आम्हाला येतात. मार्च २०२४ पासून जपानात कुठल्याही नगरपालिकेत कोसेकी मिळतो हे खरंय, पण त्यासाठी स्वतः खिडकीवर जावं लागतं, पोस्टाने किंवा दुसऱ्याकरवी ते होत नाही. इथून मागवायचं तर बरोबर ठिकाणीच पाठवावं लागतं.

म्हणून आम्ही भाषांतरात जुना पत्ता जसाच्या तसा ठेवतो. 'आता नागाओका आहे तर नागाओकाच लिहा ना' असा आग्रह होतो, पण मूळ कागदावर जे नाही ते आम्ही लिहिणार नाही, कारण तपासणारा दोन्ही कागद शेजारी ठेवून बघतो आणि फरक दिसला की फाइल परत. आजचं नाव आणि बदलाची तारीख आम्ही खाली वेगळ्या टीपेत देतो. बऱ्याच नगरपालिका विलीनीकरणाचा दाखलाही देतात, हवा असेल तर कोसेकीच्या अर्जासोबतच मागवतो.

पत्ता तपासायला आम्ही दोन दिवस घेतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत, भाषांतराच्या फीमध्येच धरलेत. १९९९ ला जपानात ३२३२ नगरपालिका होत्या आणि २०१० पर्यंत साधारण १७३० उरल्या, त्यामुळे जुना ग्रामीण पत्ता असेल तर तो बदललेला असण्याचीच शक्यता जास्त, दोन दिवस उगाच मागत नाही.

तुम्ही फक्त एवढं करा, पूर्ण पानाचा फोटो पाठवा, कडा न कापता, मागची बाजू आणि शिक्क्यासकट, आणि गावाचं नाव इंग्रजीत टाइप करून पाठवण्यापेक्षा कागदावरच्या कांजीचाच (जपानी चित्राक्षरांचाच) फोटो द्या. फॉर्ममधला पत्त्याचा रकाना कोरा सोडा, तो आम्ही भरू.