तारा पेटण्याआधीचं रसायनशास्त्र

माहीमहून वांद्र्याला जाताना, त्यातही ओहोटी असेल तर, लोकलच्या दारातली माणसं नाकाला रुमाल लावतात. खाडीच्या त्या वासात हायड्रोजन सल्फाइडचा मोठा हात असतो. तोच रेणू सुमारे १,३०० प्रकाशवर्षं दूर, मृग नक्षत्रातल्या वायुमेघातही आहे. सोबत अमोनिया, फॉर्मल्डिहाइड, मिथेनॉल. मृगाच्या पोटात घुसलेल्या बाणाच्या तीन ताऱ्यांजवळचा जो धूसर ठिपका वांगणीच्या आकाशदर्शनात दाखवतात, त्याच्या मागच्या अंधाऱ्या मेघात हा सगळा ऐवज दडलेला आहे. तिथे नाक मात्र काही कामाचं नाही. दाट भागातही घनसेंटिमीटरमागे रेणू असतात लाख-दहा लाख; आपल्या हवेत २५ वर १८ शून्यं.

हे रेणू नव्या ताऱ्याच्या उष्णतेत शिजतात असं वाटणं साहजिक आहे. निदान मिथेनॉलची गोष्ट उलटी आहे. ते तयार होतं उणे २६३ अंशांच्या आसपास, तारा जन्मण्याआधी. मेघात धुळीचे कण असतात, मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाएवढे. त्यांच्यावर पाण्याचा बर्फ बसतो, वर कार्बन मोनॉक्साइड गोठतो. मग हायड्रोजनचे सुटे अणू येऊन त्याला एकामागून एक चिकटतात. दोन चिकटले की फॉर्मल्डिहाइड, चार चिकटले की मिथेनॉल. पहिल्याच पायरीवर ऊर्जेची भिंत आडवी येते आणि ती चढून जाण्याएवढी ऊब तिथे कुणाकडेच नाही. पण हायड्रोजन इतका हलका की तो भिंतीच्या आरपार जातो. पुंजभौतिकीतलं हे टनेलिंग नसतं, तर या थंडीत मिथेनॉलचा पत्ताच नसता.

पुढे आठ सूर्यांहून जड तारा आकार घेऊ लागतो, भोवतीची धूळ तापते. उणे १७० अंशांच्या सुमारास बर्फ उडून जातो आणि साठलेला माल वायूत मोकळा होतो. या भागाला ‘हॉट कोअर’ म्हणतात. तापमान बहुतेकदा फार तर मुंबईतल्या जानेवारीच्या दुपारएवढं! बर्फात जखडलेल्या रेणूला गिरकी घेता येत नाही. वायूत सुटला की तो गरगरतो, आणि गिरकी मंदावताना ठरावीक लांबीची रेडिओलहर सोडतो. प्रत्येक रेणूच्या लहरी वेगळ्या. चिलीत ५,००० मीटर उंचीवरची आल्मा दुर्बीण त्या टिपते.

ही चैन लाखभर वर्षांपेक्षा फार टिकत नाही. तारा पुरता पेटला की त्याचे अतिनील किरण आसपासचे रेणू फोडतात. कार्बन मोनॉक्साइडमधला कार्बन सुटतो, एक इलेक्ट्रॉन गमावतो आणि १५८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहरलांबीचे अवरक्त किरण सोडू लागतो. आपल्या हवेतली वाफ ते गिळून टाकते, म्हणून कुलाब्याच्या टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) शास्त्रज्ञांनी एक मीटरची दुर्बीण बलूनला बांधून हैदराबादहून सुमारे ३० किलोमीटर उंच पाठवली. तिच्यावर जपानी वर्णपटमापक बसवून त्यांनी जड ताऱ्यांच्या मेघांमधल्या या कार्बनचे नकाशे काढले. तारा आपल्याच मेघाला कुठवर कुरतडत गेला आहे, ते त्या नकाशांत दिसतं.