गणपतीला घरी निघताय? आधी री-एंट्री परमिट घ्या
थायलंडमध्ये निवृत्तीनंतर राहणाऱ्या आणि तिकडे जाण्याच्या तयारीत असलेल्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गणपती झाले की आमच्या पुण्याच्या कार्यालयात एकाच विषयावरचे फोन सुरू होतात. "गणपतीला घरी आलोय. आता परत निघायचंय. आपलं एक्स्टेन्शन फेब्रुवारीपर्यंत आहे ना?" आम्ही विचारतो, "निघताना री-एंट्री परमिट घेतलं होतं का?" बऱ्याचदा उत्तर येते, "ते कशाला? व्हिसा आहे की पासपोर्टवर."

म्हणून हे पत्रक. एवढे एक पान जरी नीट वाचलेत, तरी तुमचे दोन-तीन महिने आणि बरेच पैसे वाचतील.

नियम असा आहे. निवृत्तीच्या कारणावर मिळालेले वर्षभराचे एक्स्टेन्शन ही थायलंडमध्ये राहण्याची परवानगी आहे. री-एंट्री परमिट, म्हणजे बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी, न घेता तुम्ही देशाबाहेर पाऊल टाकले, की ही परवानगी तिथेच संपते. फेब्रुवारीपर्यंतची तारीख पासपोर्टवर छापलेली दिसत राहते, पण तिला काही अर्थ उरत नाही. परत आल्यावर विमानतळावरचा अधिकारी तुम्हाला पर्यटक म्हणून शिक्का मारतो. मग नव्याने नॉन-ओ हा सुरुवातीचा व्हिसा, त्याचे नव्वद दिवस, त्यात पुन्हा एक्स्टेन्शनचा अर्ज, बँकेचे पत्र, घरमालकाची कागदपत्रे, सगळे पहिल्यापासून. दंड होत नाही, कोणी रागावत नाही, फक्त वर्षभराचे काम वाया जाते. बाहेर पडून चूक झाल्यावर ती मागे फिरवण्याचा मार्ग नाही. आम्हालाही तो काढता येत नाही आणि "काढून देतो" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

ही चूक शहाण्यासुरत्या माणसांकडून होते, आणि त्याला कारण आहे. आपल्यापैकी जे भारतातून नॉन-ओ-ए हा वर्षभराचा व्हिसा घेऊन गेले, त्यांना पहिल्या वर्षी कितीही वेळा ये-जा करता येते. दिवाळीला आले, लग्नाला आले, काही अडले नाही. तीच सवय दुसऱ्या वर्षी राहते. पण दुसऱ्या वर्षी हातात तो व्हिसा नसतो, एक्स्टेन्शन असते, आणि एक्स्टेन्शनला ये-जा करण्याची मुभा आपोआप मिळत नाही.

परमिट काढणे मुळीच अवघड नाही. टीएम ८ हा फॉर्म, एक फोटो, पासपोर्ट आणि त्याच्या पानांच्या प्रती घेऊन जवळच्या इमिग्रेशन कार्यालयात जायचे. एकदाच ये-जा करायची असेल तर १,००० बाट, कितीही वेळा करायची असेल तर ३,८०० बाट. आमचा सल्ला सरसकट ३,८०० चाच असतो. त्यात आमचा काही फायदा नाही, हे पैसे थेट सरकारी खिडकीवर जातात. ज्यांचे आई-वडील किंवा मोठी भावंडे भारतात आहेत, त्यांना रात्री-अपरात्री निघावे लागू शकते. अशा वेळी खिडकी उघडायची वाट बघत बसणे कोणाच्याही नशिबी येऊ नये. एक्स्टेन्शनचा शिक्का मिळेल त्याच दिवशी, त्याच कार्यालयात हे परमिट घेऊन टाका.

तरीही राहून गेले आणि अचानक निघावे लागले, तर बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर प्रस्थान विभागात री-एंट्रीचे काउंटर आहे. बोर्डिंग पास हातात घेऊन तिथे जा. पासपोर्टवर बाहेर जाण्याचा शिक्का बसण्याआधी परमिट मिळाले पाहिजे, नंतर नाही. त्यासाठी हाताशी तास-दीड तास जास्तीचा ठेवा, रोख बाट ठेवा, आणि पासपोर्टच्या कव्हरमध्ये एक फोटो कायमचा ठेवून द्या.

परतताना एक गोष्ट न विसरता करा. इमिग्रेशनच्या खिडकीवर पासपोर्ट देताना परमिटचे पान उघडून द्या, आणि शिक्का बसल्यावर तिथेच उभे राहून तारीख वाचा. ती तुमच्या एक्स्टेन्शनची जुनीच तारीख असायला हवी. गर्दीत अधिकाऱ्याचे परमिटकडे लक्ष गेले नाही तर पर्यटकाची तारीख पडते. त्याच खिडकीवर दाखवलेत तर तो लगेच दुरुस्त करतो, घरी पोचल्यावर लक्षात आले तर पुन्हा हेलपाटा.

परमिट घेतल्याने एक्स्टेन्शनची मुदत वाढत नाही, हेही ध्यानात घ्या. आणि पुढचे एक्स्टेन्शन घ्यायला तुम्ही स्वतः थायलंडमध्ये असावे लागते. म्हणून नव्या ग्राहकाची फाइल करताना आम्ही पहिला प्रश्न विचारतो, "घरी कधी येता?" गणपती ते दिवाळी इकडे राहणाऱ्याची मुदत ऑक्टोबरात संपत असेल तर दर वर्षी ओढाताण ठरलेली. मुदत जानेवारी-फेब्रुवारीत येईल असे पहिल्याच अर्जाच्या वेळी बसवता येते. यासाठी आम्ही कधी कधी ग्राहकाला दोन महिने थांबायला सांगतो. काहींना तो उशीर वाटतो. आम्ही तो मुद्दाम करतो.

आता पैशांविषयी, कारण दुसऱ्या क्रमांकाचे फोन त्याचे असतात.

एक्स्टेन्शनसाठी हवे वय ५० पूर्ण आणि थाई बँकेत ८ लाख बाट, किंवा दरमहा ६५,००० बाटचे उत्पन्न. बाटचा भाव अडीच ते तीन रुपयांच्या दरम्यान धरला तर ६५,००० बाट म्हणजे महिना पावणेदोन लाखांच्या आसपास. एवढे पेन्शन आपल्याकडे थोड्यांनाच असते, म्हणून आमचे जवळजवळ सगळे ग्राहक ठेवीचाच मार्ग घेतात. ही ठेव अर्जाच्या आधी दोन महिने खात्यात पडून असावी लागते. एक्स्टेन्शन मिळाल्यावर पुढचे तीन महिने ती ८ लाखांच्या खाली जाता कामा नये, आणि त्यानंतरही वर्षभरात कधीच ४ लाखांच्या खाली नाही. नियमाने मधल्या काळात ४ लाख वापरता येतात, पण पुढच्या अर्जाआधी दोन महिने ते परत भरायचे असतात. आम्ही सांगतो, त्या खात्याला हातच लावू नका. घरखर्चाचे खाते वेगळे उघडा. व्हिसाच्या खात्याचे एटीएम कार्ड पाकिटात असेल तर कधी ना कधी ते वापरले जातेच.

खाते एकट्या अर्जदाराच्या नावावर हवे. आपल्याकडे नवरा-बायकोचे जोड खाते उघडण्याची इतकी सवय आहे की थाई बँकेतही लोक तेच मागतात. निवृत्तीच्या अर्जासाठी जोड खात्यातली पूर्ण रक्कम तुमची म्हणून मोजत नाहीत. हे कळेपर्यंत दोन महिने गेलेले असतात आणि नव्या खात्यात पुन्हा दोन महिने मोजावे लागतात.

पत्नी किंवा पती अवलंबित म्हणून सोबत राहू शकतात, त्यांच्यासाठी वेगळे ८ लाख लागत नाहीत. मात्र विवाह प्रमाणपत्र लागते, आणि खरी अडचण इथे येते. १९८०-९० च्या दशकात लग्ने झालेल्या कित्येक जोडप्यांकडे पत्रिका आहे, अल्बम आहे, नोंदणी मात्र नाही. ती आजही महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत करून घेता येते. त्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाचे आणि थाई वकिलातीचे साक्षांकन, मग थाई भाषांतर. पासपोर्टवर सासरचे नाव आणि जुन्या कागदांवर माहेरचे, असे असेल तर आम्हाला पहिल्याच भेटीत सांगा. शेवटच्या आठवड्यात कळले की आमचा आणि तुमचा दोघांचाही जीव जातो.

८ लाख बाट भारतातून पाठवताना टीसीएसचा, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आगाऊ कापून घेते त्या कराचा, विचार करा. १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर तो लागत नाही, त्यावरच्या रकमेवर २० टक्के कापला जातो. ८ लाख बाटचे साधारण २२ लाख रुपये एकदम पाठवले तर १२ लाखांवर २ लाख ४० हजार रुपये अडकतात. हे पैसे बुडत नाहीत, आयकर विवरणपत्रात वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोवर हातात नसतात. काही रक्कम मार्चमध्ये आणि उरलेली एप्रिलमध्ये पाठवली तर बराच फरक पडतो. म्हणून आम्ही नव्या ग्राहकांना दिवाळीनंतर लगेच फाइल सुरू करा म्हणतो. तिकडे कायमचे राहायला गेल्यावर तुम्ही अनिवासी होता, बचत खाते एनआरओ (अनिवासींचे रुपया खाते) करून घ्यावे लागते आणि तिथून पैसे पाठवण्याची पद्धत वेगळी असते. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत अनिवासी व्यक्तीला नवे खाते उघडता येत नाही, हेही निघण्याआधी ठाऊक असलेले बरे.

थायलंडमध्ये वर्षात १८० दिवस राहिलात तर तुम्ही तिथले करनिवासी ठरता, आणि २०२४ पासून बाहेरून आणलेल्या उत्पन्नाकडे तिथला कर विभाग पूर्वीपेक्षा जास्त लक्ष देतो. दोन्ही देशांत दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे. तो तुमच्या पेन्शनला, भाड्याला, व्याजाला कसा लागू होतो हे आम्ही सांगत नाही. ते तुमच्या सीएकडून लेखी घ्या.

राहण्याच्या खर्चाचे आकडे सगळेच विचारतात, पण जेवण-भाड्यापेक्षा औषधपाण्यावर लक्ष द्या. चियांग माई किंवा हुआ हिनला दोघांपुरते नीटनेटके घर भाड्याने मिळते, भाजी-फळे मुबलक, तांदळाचा प्रश्नच नाही. डाळी, पोहे, हिंग भारतीय दुकानांत मिळतात, बँकॉकला फाहुरातमध्ये तर सगळेच. शाकाहारी मंडळींनी एवढे जाणून असावे की भाजीच्या रश्श्यातसुद्धा माशाचा सॉस आणि कोळंबीची पेस्ट असते. 'जे' असे लिहिलेल्या ठिकाणी ते नसते, कांदा-लसूणही नसतो. हवा कोकणासारखी दमट. विजेचे बिल एसीवर अवलंबून असते, म्हणून करार करताना घरमालक युनिटला किती लावतो हे आधी विचारा. चियांग माईला फेब्रुवारी ते एप्रिल शेतातला पालापाचोळा आणि जंगले जळतात. त्या धुरात दम्याच्या माणसाने राहू नये, हे आम्ही ग्राहक गमवायची वेळ आली तरी सांगतो.

खासगी रुग्णालये उत्तम आहेत आणि महाग आहेत. भारतातला तुमचा मेडिक्लेम सहसा तिथे चालत नाही. नॉन-ओ-ए साठी ३० लाख बाटचा आरोग्य विमा सक्तीचा आहे, नॉन-ओ ला तशी सक्ती नाही, आणि म्हणूनच पुष्कळ जण नॉन-ओ निवडून विमा टाळतात. सत्तरीनंतर नवा विमा मिळणे फार कठीण जाते, मिळालाच तर हप्ता जड. आम्ही विमा विकत नाही, तरी ज्याच्याकडे विमा नाही आणि त्याऐवजी बाजूला काढलेली रक्कमही नाही, त्याची फाइल घेण्याआधी आम्ही मुलांशी बोलायचा आग्रह धरतो. काहींना हे खटकते. आजारपणात मुंबईहून साडेचार तासांचे विमान पकडून धावणारी मुलेच असतात, त्यांना आकडे आधी कळायला हवेत. भारतातली जुनी पॉलिसी मात्र बंद करू नका.

घर विकत घेण्याची घाई नको. परदेशी माणसाला जमीन स्वतःच्या नावावर घेता येत नाही, कॉन्डो म्हणजे फ्लॅटच्या इमारतीतही परदेशी मालकीला ४९ टक्क्यांची मर्यादा आहे. निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा भाड्याने काढा.

किरकोळ वाटणाऱ्या दोन गोष्टी. दर ९० दिवसांनी पत्ता कळवायचा असतो. देशाबाहेर जाऊन आलात की दिवस पुन्हा एकपासून मोजतात, उशीर झाला तर २,००० बाट दंड. आणि पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरचा हयातीचा दाखला बँकॉकच्या भारतीय दूतावासातून किंवा चियांग माईच्या वाणिज्य दूतावासातून घेता येतो, त्यासाठी मुद्दाम भारतात येण्याची गरज नाही.

आम्ही दर महिन्याला पासबुकच्या पानाचा फोटो मागतो, त्याबद्दल थोडी नाराजी ऐकू येते. मागण्याचे कारण एवढेच की शिल्लक कमी झालेली आम्हाला मुदतीच्या आठवड्यात नव्हे, तीन महिने आधी कळावी. काही एजंट ८ लाख बाट स्वतःच खात्यात भरून अर्ज करून देतात आणि नंतर काढून घेतात. त्यांचे दर आमच्यापेक्षा कमी वाटतील. ते काम आम्ही करत नाही, कारण उद्या चौकशी झाली तर पासपोर्ट तुमचा असतो.

आमच्या वार्षिक सेवेत एक्स्टेन्शन, री-एंट्री परमिट, ९० दिवसांची नोंद आणि मुदतीच्या आठवणी हे सगळे येते. सरकारी शुल्क, म्हणजे एक्स्टेन्शनचे १,९०० बाट आणि परमिटचे ३,८०० बाट, वेगळे आणि पावतीसह. ज्यांना फक्त परमिट स्वतः काढायचे आहे त्यांना भरलेल्या टीएम ८ चा नमुना आम्ही व्हॉट्सॲपवर विनामूल्य पाठवतो, मग ते आमचे ग्राहक असोत वा नसोत.

यंदा गणपतीला येणार असाल तर तिकीट काढण्याआधी पासपोर्टची तीन पाने आम्हाला पाठवा: फोटोचे पान, एक्स्टेन्शनचा शिक्का आणि परमिट असेल तर तेही. परमिट नसेल तर निघण्याच्या निदान आठवडाभर आधी कळवा.