भाड्याच्या नव्या घरी राहायला जाण्याचा दिवस : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

आपण घर हलवण्याचे काम आमच्याकडे सोपवले, याबद्दल आम्ही आभारी आहोत. पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरात भाड्याने राहणाऱ्या कुटुंबांचे सामान एका घरातून दुसऱ्या घरात नेणे हेच आमच्या छोट्या व्यवसायाचे मुख्य काम आहे. या कामात एक गोष्ट आम्हाला वारंवार दिसते. लोखंडी कपाट कितीही जड असले तरी त्याने घरच्यांची दमछाक होत नाही, ते आमची माणसे उचलतात. घरच्यांची खरी दमछाक होते ती रात्री आठ वाजता, चहाचे पातेले पन्नास खोक्यांपैकी कोणत्या खोक्यात आहे हे कोणालाच आठवत नाही तेव्हा. म्हणून आमची विनंती आहे की, या दिवसाची आखणी आपण संध्याकाळपासून मागे अशी करावी. पहिल्या रात्री नव्या घरात काय काय लागेल ते आधी ठरवावे आणि सामान बांधण्याचा व टेम्पोत चढवण्याचा क्रम त्यावरून लावावा.

तारीख आणि कागदपत्रे

महिन्याचे शेवटचे आणि पहिले दोन-तीन दिवस, तसेच परीक्षा संपल्यापासून शाळा सुरू होईपर्यंतचे आठवडे आमच्याकडे सर्वाधिक गर्दीचे असतात. त्यातच अनेक कुटुंबे अमावास्या आणि पितृपक्ष टाळतात, त्यामुळे उरलेल्या दिवसांवर ताण येतो. जुन्या आणि नव्या घराच्या करारांत दोन-तीन दिवस सामायिक ठेवता आले, तर थोडे भाडे जास्त जाते खरे. परंतु रिकामे घर पाहून, झाडून, नळ आणि दिवे तपासून मग सामान आणता येते. शक्य असेल त्यांनी हे अवश्य करावे, असे आमचे मत आहे.

अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही, असा समज आजही पुष्कळ ठिकाणी ऐकू येतो. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. हे येथे सांगण्याचे कारण आमच्या कामाशी निगडित आहे. अनेक गृहनिर्माण सोसायट्या नोंदणीकृत कराराची प्रत आणि भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवल्याची पोच पाहिल्याशिवाय टेम्पो फाटकातून आत सोडत नाहीत. भरलेला टेम्पो आणि दमलेले कुटुंब रस्त्यावर उभे आहे, आणि घरमालकाचा फोन लागत नाही, असे प्रसंग आम्ही पाहिले आहेत. या दोन्ही प्रती त्या दिवशी आपल्या हातातील पिशवीत असाव्यात. सामान आणण्याची वेळ, लिफ्ट वापरण्याची परवानगी आणि त्यासाठी सोसायटी घेत असलेली अनामत किंवा शुल्क यांची चौकशीही दोन दिवस आधी करावी. काही ठिकाणी रविवारी किंवा दुपारच्या वेळी सामान चढवू देत नाहीत.

पेठांतील वाड्यात किंवा अरुंद बोळात घर असल्यास आम्हाला आधी कळवावे. तेथे मोठी गाडी जात नाही. छोटा हत्ती (लहान टेम्पो) आणून दोन खेपा कराव्या लागतात आणि त्यानुसार वेळ व खर्च बदलतो.

शेवटी चढते ते आधी उतरते

टेम्पोचा हा साधा नियम आहे आणि आमचे सगळे नियोजन त्यावर उभे आहे. कपाटे, पलंगाचे भाग, पुस्तके आणि सणासुदीची भांडी आधी चढतात. गाद्या, अंथरुणे आणि आम्ही ज्याला ‘पहिल्या रात्रीचे खोके’ म्हणतो ते सर्वांत शेवटी चढते. या खोक्यात चहा-साखर, एक पातेले, गाळणे, चार ताटे व पेले, मिसळणाचा डबा, कुकर आणि थोडे डाळ-तांदूळ, साबण, टॉवेल, दोन बल्ब, एक्स्टेंशन बोर्ड, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर आणि झाडू असावा. घरात लहान मूल असेल तर त्याचे दूध, औषध आणि नेहमीचे पांघरूण खोक्यात न घालता आईच्या पिशवीत ठेवावे. सिंहगड रस्त्यावरील एका घरी बाळाची दुधाची बाटली आतल्या बाजूच्या खोक्यात गेली होती आणि ती सापडेपर्यंत रात्रीचे अकरा वाजले. त्या रात्रीनंतर, बाळाचे सामान कोठे ठेवले आहे, हा प्रश्न आम्ही सामान चढवण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाला विचारतो.

देव्हारा आम्ही नेतो. देव मात्र घरच्यांनीच न्यावेत. नव्या घरात आधी देव आणि पाण्याने भरलेला कलश न्यावा, मग दूध उतू जाऊ द्यावे, अशी अनेकांची रीत असते, आणि तेवढे होईपर्यंत आमची माणसे आनंदाने दाराबाहेर थांबतात. मात्र त्यासाठी शेगडी, पातेले आणि अर्धा लिटर दूध हाताशी हवे, आणि नव्या घरात गॅस सुरू आहे की नाही याची खात्री आदल्या दिवशीच करून घ्यायला हवी. पाइप गॅस घराच्या जोडणीचा असतो, तो आपल्यासोबत येत नाही. सिलिंडर असल्यास, त्याच गावात घर बदलताना एजन्सीकडून जोडणी नव्या पत्त्यावर करून घेता येते. परगावी जाताना सिलिंडर व रेग्युलेटर परत करून अनामत रक्कम आणि बदलीचे व्हाउचर घ्यावे लागते. भरलेला सिलिंडर आम्ही सामानाच्या बंद गाडीत ठेवत नाही.

जपून न्यायच्या वस्तू

फ्रिज आदल्या रात्री रिकामा करून बंद करावा आणि त्याचे पाणी निथळू द्यावे. आम्ही तो उभाच नेतो, कारण आडवा केल्यास कॉम्प्रेसरमधील तेल नळ्यांत उतरते. नव्या घरी पोहोचल्यावर किमान चार तास तरी तो सुरू करू नये. समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनबरोबर खरेदीच्या वेळी ड्रम घट्ट धरून ठेवणारे बोल्ट मिळालेले असतात. ते माळ्यावरून शोधून हाताशी ठेवावेत. एसी उतरवणे हे मेकॅनिकचे काम असून त्याला एक दिवस आधी बोलवावे. इन्व्हर्टरची बॅटरी उभी ठेवावी लागते, कारण आतील आम्ल सांडल्यास कपडे व गाद्या जळतात.

ताटे उभी बांधावीत. एकावर एक आडवी रचलेली काचेची ताटे गचक्याने फुटतात. पुस्तकांसाठी लहान खोकी घ्यावीत. लोणच्याच्या बरण्या आणि तेलाचे डबे आम्ही नेतो, पण ते सांडल्यास इतर सामानाची भरपाई करता येत नाही, म्हणून ते आपल्या गाडीतून न्यावेत. दागिने, रोकड, मूळ कागदपत्रे आणि औषधे आमच्या गाडीत कृपया ठेवू नयेत. जून ते सप्टेंबर या काळात आम्ही ताडपत्री आणतोच. तरीही कपड्यांच्या गाठोड्यांना आतून प्लॅस्टिक लावावे.

दोन्ही घरांची दारे

जुने घर सोडताना वीज मीटरच्या आकड्याचे, भिंतींचे आणि बाथरूमच्या नळांचे फोटो काढावेत. नव्या घरी सामान आत येण्यापूर्वी तेच करावे. अनामत रकमेवरून होणारे बहुतेक वाद या दहा मिनिटांच्या कामाने टळतात. महावितरणच्या बिलावरील बारा अंकी ग्राहक क्रमांक दोन्ही घरांचा लिहून ठेवावा.

सामान उतरवताना कोणी अनोळखी व्यक्ती येऊन वाराई, म्हणजे माल उतरवण्याचे पैसे, मागू लागल्यास आपण वाद घालू नये आणि पैसेही देऊ नयेत. आमच्या मुकादमाला पुढे करावे. हमालांचे हित जपण्यासाठी १९६९ साली माथाडी कायदा झाला. घाम गाळणाऱ्या माणसाला त्याचा मोबदला मिळावा, हा त्याचा हेतू आहे आणि आम्हाला त्याबद्दल मनापासून आदर आहे. काम न करता पैसे मागण्याचा अधिकार तो कोणाला देत नाही.

टेम्पो रिकामा झाल्यावर मुकादम आपल्यासमोर यादी वाचेल. मोडतोड किंवा कमी-जास्त आढळल्यास ते त्याच यादीवर लिहून मगच सही करावी. संकोच बाळगू नये, कारण लेखी नोंद नसेल तर आम्हालाही भरपाईचा हिशोब करता येत नाही. रिकामी झालेली पुठ्ठ्याची खोकी फेकू नयेत. आठ दिवसांनी फोन केल्यास आमचा माणूस येऊन ती घेऊन जाईल.